मार्चअखेरची खरेदी

सरकारी नोकराचे वर्ष बारा महिन्यांचे नसते. अकरा महिने आणि एक मार्च असे ते असते. अकरा महिने ज्या कचेरीत एका टेबलासाठी तीन निविदा आणि सात स्वाक्षऱ्या लागतात, त्याच कचेरीत मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात टेबले, खुर्च्या, कपाटे आणि प्रसंगी रिकाम्या कपाटांत ठेवावयाची लहान कपाटे यांचा असा वर्षाव होतो की, हमालांना जिन्यात उभे राहावयास जागा उरत नाही. अनुदान ३१ तारखेला व्यपगत होईल, या एका भीतीपुढे सारा विवेक गळून पडतो. सामान्य वित्तीय नियमांत वर्षअखेरच्या या घाईला वित्तीय औचित्याचा भंग असे म्हटले आहे. आमची उभी हयात लेखापरीक्षा खात्यात गेली आणि या भंगावर आक्षेप घेऊनच आम्ही पोट भरले. भंग काही थांबला नाही; पोट मात्र भरले.

अशा माणसाला मार्च महिन्यात घराबाहेर पडता यावे हे निवृत्तीचे पहिले सुख होय. ज्या महिन्यात पस्तीस वर्षे किरकोळ रजाही मिळाली नव्हती, त्या महिन्यात, २०२४ साली, आम्ही आणि सौ. लेकीकडे फिलाडेल्फियाला जाऊन पोहोचलो. येथे तरी मार्च आमच्या मागे लागणार नाही अशी आमची समजूत होती. पण ११ मार्चच्या सोमवारी आमचा बारा वर्षांचा नातू शाळेतून आला तो धावतच, डोक्यावरची हिरवी टोपी न काढता आमच्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, आमच्या टीमने सेक्वान बार्कलीला घेतलं! तीन वर्षांना तीन कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलर! तुम्ही ऑडिटवाले ना? सांगा, हा खर्च बरोबर आहे का?"

नोकरीत असताना आमचे मत इतक्या आदराने कोणी विचारले नव्हते. लोक आमची मते टाळीत असत. तेव्हा आम्ही चष्मा पुसला आणि प्रकरण तपासावयास घेतले.

कोलकात्यात बरीच वर्षे काढल्यामुळे फुटबॉल म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे मैदान, पावसाळी चिखल आणि मोहन बागान व ईस्ट बेंगाल यांच्या नावाने दोन तट पडलेले शेजारी उभे राहतात. अमेरिकेत फुटबॉल बहुतांशी हाताने खेळतात, हे कळावयासच आमची पहिली संध्याकाळ खर्ची पडली. अंगावर चिलखत घातलेले अकरा गडी दुसऱ्या अकरांवर तुटून पडतात आणि मध्येच एक जण अंडाकृती चेंडू पोटाशी धरून वाट फुटेल तिकडे पळतो. हा जो पळणारा, त्याला रनिंग बॅक म्हणतात. बार्कली तो. सहा वर्षे तो शेजारच्या न्यू यॉर्कच्या जायंट्स संघात पळत होता; करार संपला आणि तो मोकळा झाला. दर मार्चमध्ये असे शेकडो मोकळे खेळाडू बाजारात उभे राहतात आणि बत्तीस संघ त्यांच्यावर बोली लावतात. म्हणजे येथेही मार्चच!

हा बाजार तसा फार जुना नाही. पूर्वी करार संपला तरी खेळाडूला मनासारखा संघ निवडता येत नसे. १९९२ साली मिनियापोलिस येथे एका खटल्यात ज्यूरीने संघमालकांचे निर्बंध बेकायदा ठरविले आणि पुढील वर्षी तडजोड होऊन दारे उघडली. त्या पहिल्याच बाजारातला सर्वांत मोठा मोहरा होता रेगी व्हाइट, आठ वर्षे याच फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचा आधारस्तंभ. तो चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलरांवर विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे या लहानशा गावच्या संघात गेला, आणि जानेवारी १९९७ मध्ये त्या गावाने अजिंक्यपद मिळविले. अंतिम सामन्यात व्हाइटने प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे डाव मांडून चेंडू फेकणाऱ्याला, तीन वेळा लोळविले. ही हकीगत आमच्या जावईबापूंनी अशा सुरात सांगितली की, जणू त्यांच्याच घरातले सोने कोणी नेले होते. वस्तुतः १९९३ साली ते सांगलीत बिगरीच्या वर्गात होते. पण गावाचा अभिमान हा माणूस ज्या गावी भाड्याने राहतो तेथल्या पाण्यातूनच अंगात भिनतो, हे परमुलखात नोकरी केलेल्या वाचकांना आम्ही काय सांगावे?

रेगी व्हाइटच्या यशाने भुलून जावयाचे नाही, असे ठरवून आम्ही आक्षेप मांडावयास आरंभ केला.

पहिला आक्षेप असा. आपल्याकडे निविदेत जो सर्वांत कमी बोलतो त्याला काम मिळते. येथे जो सर्वांत जास्त बोलतो त्याला खेळाडू मिळतो. एकाच मालाची किंमत बत्तीस जणांनी अंदाजली, तर काहींचा अंदाज खाली चुकेल, काहींचा वर. आणि लिलाव जिंकणार तो नेमका सर्वांत वर चुकलेला. तेलाच्या पट्ट्यांच्या लिलावांत कंपन्या अशाच नागवल्या जातात, हे अमेरिकेतल्या तीन तेल-अभियंत्यांनी १९७१ साली दाखवून दिले. त्या व्याधीला पुढे 'विजेत्याचा शाप' असे नाव पडले.

दुसरा आक्षेप: ज्याने सहा वर्षे घोडा वापरला तोच तो विकावयास काढतो, तेव्हा घेणाऱ्याने दात मोजावेत. जुन्या संघाला खेळाडूचे गुडघे, त्याची झोप, त्याचा स्वभाव सारे ठाऊक असते; नव्याला केवळ कीर्ती ठाऊक असते.

तिसरा आक्षेप हिशेबाचा. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर वरची मर्यादा आहे. त्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२४ साली २५ कोटी ५४ लाख. मर्यादा सर्वांना सारखी, म्हणून एकावर उधळलेला डॉलर दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून काढावा लागतो. त्यातही एक गंमत आहे. सही करतेवेळी खेळाडूच्या हाती पडणारी मोठी रक्कम हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर वाटून दाखविता येते. खेळाडूला मध्येच काढले तर न दाखविलेला भाग तसाच मर्यादेवर येऊन बसतो. म्हैस मेली तरी हप्ते चालू! असे मेलेल्या म्हशींचे हप्ते भरणारे संघ दरवर्षी आढळतात.

पुरावाही जावईबापूंनीच पुरविला. २००९ साली वॉशिंग्टनच्या संघाने अल्बर्ट हेन्सवर्थ नावाच्या धिप्पाड गड्याशी सात वर्षांचा, १० कोटी डॉलरपर्यंत जाणारा करार केला. त्यात ४ कोटी १० लाख हमीचे. दोन हंगामांत संघाने ३२ पैकी १० सामने जिंकले, दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस संघानेच त्याला निलंबित केले आणि २०११ मध्ये दुसरीकडे देऊन टाकले. त्याच २०११ साली मालक आणि खेळाडू यांच्या तंट्यामुळे बाजार जुलैअखेर भरला, आणि ईगल्सनी त्यात इतकी नावाजलेली माणसे उचलली की, त्यांच्यातल्याच एका नव्या खेळाडूने संघाला 'स्वप्नसंघ' म्हटले. स्वप्नसंघाने आठ सामने जिंकले, आठ हरले. पुढल्या वर्षी चार जिंकले, बारा हरले. पुन्हा २०१५ साली त्यांनी डॅलसचा डिमार्को मरे पाच वर्षांसाठी ४ कोटी डॉलरांवर आणला. आदल्या हंगामात तो १,८४५ यार्ड पळून सर्वांत पुढे होता. फिलाडेल्फियात तो ७०२ यार्ड पळाला आणि वर्षभरातच त्याची रवानगी झाली.

इतका पुरावा पुरे होता. आम्ही नातवाला आमचा निर्णय सांगितला : खर्च अनुचित, सबब अमान्य.

नातू जरा वेळ गप्प बसला. मग त्याने असा प्रश्न विचारला की, जो आमच्या खात्याच्या कोणत्याही पुस्तिकेत नाही. "पण आजोबा, ती माणसं वाईट खेळाडू होती का? आधी तर चांगली खेळायची ना? मग इकडे आल्यावर काय झालं?"

स्वप्नसंघातला सर्वांत महागडा खेळाडू नामदी असोमुघा हा पाच वर्षांसाठी ६ कोटी डॉलरांवर आला होता. आठ हंगाम तो ओकलंडच्या संघात खेळला. तेथे मुख्यत्वे मैदानाची एक बाजू त्याच्या हवाली असे आणि समोर येणाऱ्या एका गड्याला तो सावलीसारखा चिकटे. त्या बाजूला प्रतिपक्ष चेंडू टाकावयासच धजत नसे. फिलाडेल्फियात त्याला कधी या कोपऱ्यात, कधी मध्ये, कधी माणसाऐवजी जागा राखावयास लावले. दोन हंगामांनी, मार्च २०१३ मध्ये, त्याला नारळ मिळाला. जावईबापू हे सांगत असता आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो. कारण तो नारळ आमच्या ओळखीचा होता.

आमच्या नोकरीच्या मध्यावर, नागपूरला असताना, भांडारांच्या लेखापरीक्षेत आमच्या नावाचा थोडाबहुत दबदबा झाला होता. आमचे दोनतीन परिच्छेद वरपर्यंत गाजले. त्या कीर्तीवर दूरच्या एका सार्वजनिक उपक्रमाने आम्हांला प्रतिनियुक्तीवर मागून घेतले. वरची श्रेणी, बंगला, दाराशी मोटार; आणि काम एवढेच की, भांडारातील गळती दोन वर्षांत थांबवावयाची. दोन वर्षांत ती थांबली तर नाहीच, पण कोठून होते हेही आम्हांला गवसले नाही. मुदत वाढली नाही. निरोपसमारंभात शाल मिळाली आणि नारळही. मराठी जाणणारे त्या सभेत आम्ही एकटेच असल्यामुळे नारळाचा दुसरा अर्थ आमच्यापाशीच राहिला.

पुढे अनेक वर्षे आम्ही सांगत आलो की, तेथल्या माणसांनी सहकार्य केले नाही. खरी गोष्ट निराळी होती. नागपूरला आमच्या हाताखाली एक अधीक्षक होते. नोंदवहीचे पान उलटताना त्यांचे बोट जेथे थबके तेथे काही तरी कुजलेले असावयाचेच. एक तरुण कारकून होता. तो गुदामात शिडी लावून नळ्या आणि पत्रे खरोखर मोजून येत असे. एक टंकलेखक होता. गेल्या दहा वर्षांत कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या आक्षेपाला काय उत्तर दिले ते त्याला मुखोद्गत असे. आम्ही काय करीत होतो? आम्ही भाषा घासूनपुसून घेत होतो आणि खाली सही करीत होतो. टिपणीत 'आम्ही' असे लिहिण्याची आम्हांला तेव्हापासूनच सवय. पण त्या 'आम्ही'त चार माणसे आहेत, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नव्हते. उपक्रमाने मोल मोजले ते चौघांचे आणि त्याच्या पदरी पडला एकटा. बदलीच्या हुकुमात नाव एकाचेच असते.

हे सारे त्या दिवशी नातवाला सांगण्याचा धीर झाला नाही. "विचार करून सांगतो" असे खात्याचे सनातन उत्तर देऊन आम्ही सुटका करून घेतली आणि पावसाळ्यापूर्वी कोलकात्यास परतलो.

पण प्रकरण मिटले नव्हते. त्या हंगामात दर सोमवारी पहाटे नातवाचा फोन येऊ लागला. बार्कली पळत होता. जायंट्सकडे २०२३ साली तो ९६२ यार्ड पळाला होता. ईगल्सकडे २०२४ च्या हंगामात तो २,००५ यार्ड पळाला. एका हंगामात दोन हजारांचा पल्ला गाठणारा तो इतिहासातला नववा गडी. आणि ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, ज्या दिवशी त्याला अठ्ठाविसावे वर्ष पुरे झाले त्याच दिवशी, ईगल्सनी अंतिम सामन्यात कॅन्सस सिटीला ४० विरुद्ध २२ असे हरविले. आमचा आक्षेप सपशेल खोटा ठरला.

लेखापरीक्षकाने आक्षेप मागे घ्यावयाचा तर कारणे नमूद करावी लागतात. ती शोधू लागलो तेव्हा डोळ्यांत भरली ती बार्कलीपुढची पाच जणांची फळी. पळणाऱ्याला वाट करून देणे एवढेच तिचे काम. तिचे नाव धावफलकावर कधी येत नाही. त्यातले चौघे ईगल्सनी कोवळे असतानाच निवडून वाढविलेले : लेन जॉन्सन २०१३ पासूनचा, जॉर्डन मायलाटा तर ऑस्ट्रेलियात रग्बी खेळणारा, २०१८ साली निवडला तेव्हा हा खेळ एकदाही न खेळलेला, लँडन डिकरसन २०२१ चा आणि कॅम जर्गन्स २०२२ चा. म्हणजे घर बांधून तयार होते आणि मग त्यावर कळस घेतला. २०१५ साली मात्र मरेला विकत घेतले त्याच वर्षी फळीतले दोन जुने जाणते गडी काढून टाकले होते. कळस आणावयाचा आणि भिंत विकावयाची!

एवढ्यावर आम्ही थांबलो असतो, तर पुन्हा कीर्तीलाच भुललो असतो. त्याच मार्चमध्ये त्याच संघाने केलेल्या आणखी दोन खरेदी आम्ही तपासल्या. ब्राइस हफ याला तीन वर्षांसाठी ५ कोटी ११ लाख डॉलर कबूल केले, म्हणजे बार्कलीहूनही अधिक. न्यू यॉर्कच्या जेट्स संघात त्याला मोजक्या वेळी उतरवीत आणि तेवढ्यात त्याने २०२३ साली दहा वेळा क्वार्टरबॅक लोळविला होता. फिलाडेल्फियात तो निम्म्यानेही चालला नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी खेळणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. झॅक बॉन याला एका वर्षासाठी सुमारे ३५ लाख डॉलर दिले. न्यू ऑर्लिन्समध्ये तो बहुधा किरकोळ कामांवर असे. येथे नव्या प्रशिक्षकाने त्याची जागाच बदलली, आणि वर्षअखेर तो देशातल्या उत्तमांच्या यादीत जाऊन बसला. अंतिम सामन्यात प्रतिपक्षाने फेकलेला एक चेंडूही त्याने मध्येच पकडला. संघ एक, व्यवस्थापक एक, महिना एक. आणि निकाल तीन. तेच व्यवस्थापक, हॉवी रोझमन, स्वप्नसंघाच्या वेळीही त्याच खुर्चीत होते. म्हणजे अक्कल एकाएकी आली असे म्हणावे तर हफ आडवा येतो. नव्हतीच असे म्हणावे तर बॉन आडवा येतो.

तेव्हा आमचा सुधारलेला अभिप्राय असा. मोठ्या खर्चाने संघ उभा राहत नाही. उभा असलेला संघ एखाद्या मोठ्या खर्चाने उंच होतो. माणसाची किंमत एकट्या माणसात नसते. माणूस आणि त्याची जागा यांच्या बेरजेत ती असते. बोली मात्र माणसावरच लागते, कारण जागा गाठोड्यात बांधून नेता येत नाही. ज्याने आधी आपल्या घरची जागा नीट ओळखली, त्याला कधी ३५ लाखांत बॉन सापडतो आणि कधी पावणेचार कोटींत बार्कली. ज्याने फक्त कीर्ती विकत घेतली, त्याला ती पोहोचते. पण माणूस मागेच राहिलेला असतो. विजेत्यांनी हा धडा स्वतःही पाळला असे दिसते. अंतिम सामन्यात पराक्रम गाजविलेल्या मिल्टन विल्यम्सला पुढच्याच मार्चमध्ये न्यू इंग्लंडने चार वर्षांसाठी १० कोटी ४० लाख डॉलर देऊ केले, आणि ईगल्सनी त्याला निमूटपणे जाऊ दिले.

नातवाला आम्ही हा अभिप्राय फोनवर कळविला आणि या वेळी नागपूरची गोष्टही सांगितली, नारळासकट. तो खूप हसला. मग म्हणाला, "मग आजोबा, तुमची ती फळी आता कुठे आहे?"

त्या प्रश्नाला "विचार करून सांगतो" म्हणता येईना. अधीक्षक नागपुरातच असतात, आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. तीस वर्षांत आम्ही त्यांना दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिले नव्हते. या वेळी सविस्तर पत्र लिहिले. १९९१ च्या त्या गाजलेल्या परिच्छेदाचे श्रेय आम्ही एकट्याने घेतले, ते तुम्हां तिघांचे होते, असे स्पष्ट शब्दांत कबूल केले. लिहिताना हात थोडा कापला, वयाने असेल.

आठवड्याने उत्तर आले. अक्षर पूर्वीसारखेच, मुंगीच्या रांगेसारखे. मजकूर चार ओळींचा : पत्र पावले. परिच्छेद १९९१ चा नसून १९९२ चा होता, कृपया दुरुस्ती करावी. टंकलेखक गेले, त्याला सहा वर्षे झाली. शिडीवर चढणारा मुलगा आता स्वतः निवृत्त होऊन अकोल्यास असतो. पत्ता सोबत दिला आहे, त्यालाही लिहावे.

दुरुस्ती आम्ही केली आहे. अकोल्याचे पत्र आज टपालात टाकावयाचे आहे.